ताईच्या वजनाची गोणी

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी शहापूरहून मुरबाडला निघालो तो एसटीने. परत यायचं ते स्वतःच्या मोटारसायकलवर, असा बेत होता. माझं वय सत्तावन्न. तीस वर्षं एका छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली, त्यामुळे स्वतः चूक करायला फारसा वेळ मिळाला नव्हता. गाडी चालवायला मी कधी शिकलोच नाही. खिशात महिनाभरापूर्वी काढलेला शिकाऊ परवाना होता आणि त्यावरच्या फोटोत मी नुकताच पकडला गेल्यासारखा दिसत होतो.

हे सगळं माझ्या ताईसाठी चाललं होतं. ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. शेणव्याला राहते. डोळखांबच्या वरच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथे तिने नर्स म्हणून तीस वर्षं काढली, आणि त्यातली बरीचशी एका निळ्या मोपेडवर. मोपेडवर मागे चंद्री बसायची. चंद्री ही सर्वांत वरच्या वाडीतली सुईण. सुरुवातीला दोघींचं पटत नव्हतं, कारण एकीने शिक्षण घेतलं होतं आणि दुसरीला काम येत होतं. पुढे इतकं पटलं, की सुट्टीत मी ताईकडे जायचो तेव्हा मला वाटायचं, मोपेडला दोन बायका कंपनीतूनच बसवून येतात.

निवृत्त होताना ताईने चंद्रीला सांगितलं होतं, दर महिन्याला येईन. त्याच वर्षी मोपेड कायमची बसली, मग ताईचे गुडघे बसले. शेअरची जीप डोळखांबपर्यंतच जाते, पुढचा चढ पायी. एक महिना चुकला, मग दुसरा, आणि बघता बघता नऊ वर्षं झाली. गेल्या दिवाळीत वरच्या वाडीची एक बाई शेणव्याच्या बाजारात आली होती. तिच्याजवळ चंद्रीने निरोप पाठवला होता तो एवढाच, की नर्सबाय जिवंत हाय का नाय, ते बघून ये.

ताई त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, रिक्षा करून जाऊ. ती म्हणाली, "रिक्षातून पाहुणे जातात. मी तिथं पाहुणी म्हणून नाय जायची." तिचे गुडघे आणि शस्त्रक्रिया झालेले डोळे बघता तिने गाडी चालवण्याचा प्रश्न नव्हता. राहिलो मी.

आधी शहापुरातच एका शोरूममध्ये जाऊन आलो होतो. तिथे गाड्या उंच चौथऱ्यावर ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर देवघरात असतो त्यापेक्षा जास्त उजेड होता. एक गृहस्थ गाडी घेऊन जात होते, त्यांच्यासाठी केक कापला गेला, गाडीला हार घातला गेला, मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसह फोटो निघाला. गाडी मात्र पेट्रोल नसल्याने ढकलत पंपावर न्यावी लागली. सेल्समनने मला लूक, पिकअप आणि टाकीचे स्नायू समजावून सांगितले. सीटवर बसलो, तर माझ्या फक्त अंगठ्याचं टोक जमिनीला लागलं. मी विचारलं, पाय टेकत नाहीत त्याचं काय? तो म्हणाला, "सर, चालताना पाय टेकायचेच नसतात." त्याचं खरं होतं. पण मला भीती थांबण्याची होती.

किन्हवलीवरून सरळगावकडे एसटी लागली तेव्हा कापलेल्या भाताच्या खाचरांत वाल फुलला होता. हा रस्ता माझ्या ओळखीचा. लहानपणी वडिलांबरोबर मुरबाडकडच्या गुरांच्या बाजाराला याच बाजूने जायचो. वडील बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे, मग त्याच्या मागे मागे बराच वेळ नुसते चालायचे. मी कंटाळून विचारायचो, घ्यायचा आहे की फिरायला आणलाय? ते उत्तर देत नसत.

बुधाजीशेठांचं नाव ताईनेच सांगितलं होतं. हे गृहस्थ पूर्वी हेडी (गुरांचे दलाल) होते. बैल कमी झाले तसे त्यांनी जुन्या मोटारसायकली विकायला घेतल्या. मुरबाडच्या बाहेर, बंद पडलेल्या भातगिरणीच्या मागे त्यांचा धंदा आहे. गाड्या सावलीत ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीचं तोंड एकाच दिशेला होतं. दावणच होती ती, फक्त शेणाच्या जागी ऑइल सांडलेलं.

मी एका लाल, जरा उंच गाडीजवळ रेंगाळलो. शोरूममध्ये टीका केली असली, तरी माणसाला आपण कसे दिसू ही चिंता सत्तावन्नाव्या वर्षीही सुटत नाही. बुधाजीशेठ खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "मागं कोण बसनार?"

मी म्हटलं, बहीण.

"वजन?"

मी अंदाजाने पंचावन्न किलो सांगितलं. त्यांनी गिरणीतून भाताची एक गोणी काढायला लावली, काट्याला अडकवून बरोबर पंचावन्न किलो भरली आणि लाल गाडीच्या मागच्या सीटवर दोरीने बांधली. इकडे असंच करतात, असं ते म्हणाले. बैल रिकामा चालवून कुणी घेत नाही, गाडीला जुंपून बघतात. शिकाऊ परवान्यावर मागे माणूस बसवता येत नाही. गोणीबद्दल कायदा गप्प आहे.

वडाच्या झाडापर्यंत जाऊन वळून यायचं होतं. जाताना सगळं छान झालं. वळताना वेग कमी केला, गाडी डावीकडे कलली, मी पाय खाली टाकला तर तिथे जमीन नव्हती, म्हणजे होती, पण वीतभर खाली. गाडी, मी आणि गोणी सावकाश आडवे झालो.

बुधाजीशेठ चालत आले, माझ्याकडे न बघता गोणीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाय पडली."

लाल गाडी मला विकायला त्यांनी सरळ नकार दिला. मी पैसे देतो म्हटलं, तर म्हणाले, पैशाचं नाय साहेब, उद्या तुमची बहीण रस्त्यावर पडेल नि बोल मला लागंल. मग त्यांनी ओळीच्या टोकाची एक काळी शंभर सीसीची गाडी दाखवली. जिच्याकडे वळून बघावं असं तिच्यात काही नव्हतं. सीट बुटकी, दोन्ही तळवे पूर्ण टेकत होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी थंड इंजिन किती किकमध्ये सुरू होतं ते दाखवलं, पुढचं चाक उचलून डावी-उजवीकडे फिरवून बघायला लावलं, टायरमध्ये नखं रुतवून बघायला सांगितली आणि कागदावरचा चेसीस नंबर माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. हे सगळं झाल्यावर मला गाडी ढकलायला लावून ते तिच्या मागून थोडं चालले. माझे वडील तिथे नव्हते, एवढाच फरक.

गोणी काळ्या गाडीवर चढली. मी वडापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. "आली परत बाय," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

व्यवहार ठरल्यावर त्यांनी किल्लीतला आपला लाल दोरा सोडून स्वतःच्या खिशात टाकला आणि नुसती किल्ली माझ्या हातावर ठेवली. जनावर विकताना आपलं दावं देत नाहीत, घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं, ही जुनी रीत. मी काही आणलं नव्हतं. शेवटी गोणीचीच सुतळी तोडून किल्लीला बांधली. गोणीही मी विकत घेतली. सवय व्हावी म्हणून.

हेल्मेट गाडीच्या आधी घ्यायला हवं होतं, हे मला उशिरा सुचलं, पण मुरबाड सोडण्याआधी सुचलं. रस्त्याच्या कडेला एकाने बांबूवर मांडवावरच्या दुधीसारखी हेल्मेटं टांगली होती. मी दोन मागितली. त्याने विचारलं, "पोलिसासाठी पायजेत का डोक्यासाठी?" पोलिसासाठीची तो बांबूवर टांगत होता, डोक्यासाठीची आत पेटीत ठेवत होता. आयएसआयचा शिक्का, हनुवटीखालचा पट्टा, गालाला घट्ट बसणारं आतलं अस्तर, हे त्याने नीट दाखवलं. हेल्मेट घालून मान जोरात हलवली तर ते डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागाहून नव्हे, हे ज्ञान त्याचं. कोपरांना कवच असलेलं जाकीट मी घालून पाहिलं आणि आरशात एक थकलेला भुंगा दिसल्यावर परत ठेवलं. त्याऐवजी हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे चामडी बूट घेतले. हात आणि घोटे, पडताना हेच आधी पुढे करतो माणूस, असं वडाजवळ नुकतंच कळलं होतं.

फेब्रुवारीभर गोणी मागे बांधून मी फिरलो. पहाटेचा गारवा सरला की तानशाच्या रस्त्याला जायचं, चढावर थांबायचं, पुन्हा निघायचं. त्या वाटेवर एक चहावाला आहे. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, भात कुठं नेता? मी काहीतरी सांगितलं. आठवड्याने तो कळवळून म्हणाला, "काका, अजून गिऱ्हाईक मिळत नाय का?" ताईला हे सगळं कळलं तेव्हा ती हसली नाही. "पंचावन्न किलो कुणी सांगितलं तुला?" एवढंच म्हणाली.

मार्चमध्ये आठचा आकडा काढून पक्का परवाना मिळाला आणि दुसऱ्याच सकाळी मी गोणी घरी ठेवून शेणव्याला गेलो. ताई तयार होती. हेल्मेट अंबाड्यावर बसेना. तिने अंबाडा सोडला, मानेवर खाली बांधला आणि पट्टा स्वतः आवळला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, दोन्हीकडे पाय टाकून बसली. साडी नव्हती, पंजाबी ड्रेस होता. निघताना म्हणाली, गोणी बरी होती तुला, बोलायची नाय.

ती बोलत राहिली. डोळखांबपर्यंत प्रत्येक वळणावर तिला काही ना काही आठवत होतं. या मोरीत मोपेड अडकली होती, त्या घरातली मुलगी पायाळू जन्मली, या पळसाखाली चंद्रीने तिला चुलीवरचं लसूण-मिरचीचं तिखट आणि नागलीची (नाचणीची) भाकर खाऊ घातली. समोर आजोबाचा डोंगर उन्हात धूसर दिसत होता. पळस फुलून गेला होता. डोळखांब मागे पडलं आणि ताई गप्प झाली.

शेवटच्या चढावर खडी उखडलेली होती. मी दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकायला उशीर केला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकू लागली. गोणीबरोबर हे कधी झालं नव्हतं. ताईने मागून दोन्ही पाय खाली टेकले. माझ्या कानाशी अगदी हळू म्हणाली, "ब्रेक सोडू नको. पैला टाक. घाई नाय." मी पहिला टाकला. मग ती म्हणाली, "नंदू, ती बोललीच नाय माझ्याशी, तर लगेच परत फिरू."

वाडीच्या अलीकडे मोहाची मोठी झाडं आहेत. मार्चमध्ये त्यांची फुलं पहाटेपासून गळतात आणि वाडीतल्या बायका ती वेचतात. एका झाडाखाली एक वाळकी, ताठ म्हातारी टोपली घेऊन वाकली होती. गाडीच्या आवाजाने तिने मान वर केली. ताईने हेल्मेट काढलं. खाली बांधलेला अंबाडा सुटून केस पाठीवर पडले.

चंद्री जवळ आली आणि हातातली टोपली ताईच्या हातात दिली.

"त्या बाजूचा येचायचा राहिलाय," ती म्हणाली.

ताईने टोपली घेतली. गुडघे न वाकवता, कमरेतून वाकून ती फुलं वेचू लागली. चंद्रीने दुसरी टोपली आणली आणि शेजारी लागली. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. मी हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. निम्मं झाड झालं तेव्हा ताई थकली आणि बसायला जागा शोधू लागली. तिला खाली बसता येत नव्हतं. चंद्रीने गाडीकडे हनुवटीने खूण केली. गाडी मी सपाट जागी डबल स्टँडवर लावली होती. ताई पुढे बसली, हँडलवर हात ठेवून. चंद्रीने लुगडं खोचलं आणि सरावाने मागे चढली.

तासभर त्या दोघी त्या उभ्या गाडीवर बसून बोलत होत्या. पुढची मागे न वळता, मागची पुढचीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून. चंद्रीचं बोलणं वाडीच्या बोलीतलं, ताईचंही हळूहळू तसंच झालं, मला फारसं कळेना. मी उरलेलं अर्धं झाड वेचलं. चंद्रीने नंतर माझी टोपली बघितली आणि त्यातला पालापाचोळा निमूटपणे काढून टाकला.

परतताना उतार होता. शेणव्याला दारात उतरल्यावर ताई म्हणाली, "मी तिला सांगितलं, गाडी नव्हती गो, म्हणून नाय आले. तर म्हणती कशी, माझ्याकडं तरी कुठं होती? मी पन नाय आले."

एवढं सांगून ती आत गेली आणि हातपाय धुण्याचा आवाज आला.

मी शहापूरला निघालो. मागचं वजन गेल्याने गाडी एकदम हलकी झाली होती, वळणं सोपी वाटत होती, आणि रस्ता मोकळा होता. त्या तासाभरात चावी माझ्या खिशात होती आणि गाडी इंचभरही पुढे सरकली नव्हती, तरी मी चालवल्यापेक्षा जास्त लांब जाऊन आली होती असं मला वाटत राहिलं. पुस्तकात असं वाक्य आलं असतं, तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. शहापूर येईपर्यंत मी तिसऱ्या गिअरमध्येच होतो, जशी ती मागे बसलेली असताना चालवली तशी.