साहेबांसाठी उघडलेला खेळ

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात युनिक्सवर चालणारा संगणक आला. यंत्र एक, टर्मिनल आठ, प्रत्येकाचं खातं वेगळं. यंत्र मी सांभाळायचो, म्हणून मूळ खात्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. त्या खात्याला काहीच मना नव्हतं. एक आज्ञा चुकली तर साऱ्या कामगारांची हजेरी पुसली गेली असती.

यंत्रात काही खेळही होते. हिशेब विभागातली मंडळी कामाच्या वेळात तेच खेळतात हे पाहून साहेबांनी हुकूम दिला, "सगळ्यांसाठी बंद करा." मी परवानग्या काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या पडद्यावर परवानगी नसल्याची ओळ होती.

"माझ्याकडेही बंद?"

"आपण सगळ्यांसाठी म्हणालात, साहेब."

"सगळ्यांत मी येतो का? तो मूळ पासवर्ड सांगा, मी बघतो."

उद्या व्यवस्था करतो, म्हणून मी सुटलो. बाहेर माझ्या शेजारच्या टेबलावरचे स्टोअरकीपर सगळं ऐकून हसत होते.

"काहून घाबरून राहिला गा? देऊन टाक."

"आणि हजेरी पुसली गेली तर?"

"तर तुलेच विचारतीन. साहेब थोडीच सांगन, मीच पुसली म्हणून."

रात्री जेवण गेलं नाही. सकाळी यंत्राची पुस्तिका चाळून खात्यांचा एक गट तयार केला, त्यात एकट्या साहेबांचं खातं घातलं आणि त्यातला एक खेळ त्या गटाला उघडून दिला. केबिनमध्ये जाऊन पाहतो तर पडद्यावर तीच ओळ. साहेब घड्याळाकडे बघू लागले.  मग आठवलं, नवा गट लागू व्हायला खातं बंद करून पुन्हा उघडावं लागतं. साहेबांचं खातं रोज सकाळी मीच उघडून देत असे आणि ते दिवसभर तसंच राही. मी ते बंद करून पुन्हा उघडलं. खेळ सुरू झाला.

"हा आता कोण कोण उघडू शकतं?"

"आपण एकटे."

"आणि तुम्ही?"

खोटं बोलवेना. "मूळ खात्यातून मला सगळंच उघडता येतं, साहेब. आपण खेळत असलात तर तेही दिसतं."

ते म्हणाले, "मग दुपारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत तुम्ही यंत्रापाशी थांबू नका. कँटीनला जात जा."

पासवर्ड त्यांनी पुन्हा मागितला नाही. मी मूळ खातं बंद करून, यंत्राच्या खोलीला कुलूप घालून कँटीनला जाऊ लागलो. तिथे पहिला घास घेतला की वाटे, खातं नक्की बंद केलं ना? डबा तसाच झाकून मी परत जाऊन बघत असे.