टीव्हीसमोर मांडलेला पाट

भुताखेतांचा विषय निघाला की चहाचं निमित्त करून उठून जाणारा मी माणूस. जळगावला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. "सर, आपोआप बंद पडलं" हे रोज ऐकतो आणि आपोआप काही होत नसतं, हे रोज समजावतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय... पण पोटात ठेवूनही चैन पडत नाही.

गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गोष्ट. आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, विस्तवावर घास टाकतात आणि त्याला हाक मारून जेवायला बोलावतात. माझे वडील, नाना, थंडीत गेले, म्हणून यंदा घागर त्यांची. हाक मारायचा मान थोरल्याचा. आणि आमचा थोरला, दादा, जर्मनीत.

जाण्याआधी कितीतरी महिने नाना अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. दादाला हे माहीतच नव्हतं. "त्याची नोकरी नवी आहे, सगळं टाकून पळत येईल," म्हणून नानांनीच बजावलेलं. फोनवर दोन शब्द बोलायचे, व्हिडिओ कॉलचं नाव निघालं की आमचं नेट हमखास 'स्लो'. ते गेले तेव्हा आम्ही सांगितलं — झोपेत गेले. आईला एकच धास्ती. खरं कळलं तर पोरगा जन्मभर स्वतःला खात बसेल.

तर, दादानं व्हिडिओ कॉलवरून हाक मारायचं ठरलं, म्हणून सकाळी मी लॅपटॉप टीव्हीला जोडायला बसलो. एचडीएमआय केबल लावली... 'नो सिग्नल'. सोर्स बदलला, तरी तेच. मग चित्र आलं, तर आवाज लॅपटॉपमधूनच. "लॅबमध्येपण असंच चालतं का?" बायकोनं विचारलं. शेवटी जमलं. लॅपटॉप टीव्हीखाली स्टुलावर ठेवला, कॅमेरा हॉलकडे केला.

आईनं नानांच्या नावाचं ताट वाढलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई. खरं तर पाट घागरीजवळ मांडायचा. पण आई म्हणाली, "पाट टीव्हीना समोर मांड. त्यासले पोऱ्या दखाऊ दे." नानांना मुलगा दिसू दे म्हणे. मी मांडला.

विस्तवावर घास टाकला. धूर निघाला. पडद्यावर दादानं हात जोडले. "नाना, जेवायला या."

मी लॅपटॉपच्या स्टुलाजवळ खाली बसलो. दादा खाली कुठेतरी बघत होता. बराच वेळ. मला वाटलं, कॉल अडकला. मग तो बोलला — रडून नाही, घाबरून नाही, घरात बसून विचारावं तसं.

"आई, नाना डाव्या हातानं का जेवून राहिले?"

मी पाटाकडे पाहिलं. रिकामा. ताट जसंच्या तसं. नानांचा उजवा हात पार गेला होता, शेवटचे सगळे महिने ते डाव्या हातानंच जेवले. दादाला हे कोण सांगणार होतं?

मी कॉल बंद करायला हात पुढे केला, तर आईनं तो धरला. मग टीव्हीकडे बघून हळूच म्हणाली, "उजवा हात गया व्हता रे त्यासना, भाऊ. आम्ही तुले सांगं नही. धीरे धीरे जेवू दे त्यासले."

टीव्हीतून दादाचा आवाज आला, "पाणी मागून राहिले."

आई उठली. पाटासमोर बसली आणि आजारपणात धरायची तसा तांब्या तिरका करून धरला.

नंतर दादाला खोदून खोदून विचारलं. गावातल्या कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं. नानांचा आजारपणातला एकही व्हिडिओ आम्ही काढलेला नाही, त्यामुळे जुनं काही दिसलं म्हणावं तर तेही नाही. "तेव्हा नाना गेलेत हे मला आठवतच नव्हतं," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी फोनवर पोटभर रडला. आता मात्र सांगतो, "मी समोर होतो, नाना जेवले." आईची धास्ती गेली.

व्हिडिओ कॉलमध्ये कोपऱ्यात आपलं स्वतःचंही चित्र दिसतं. दादा जे बघत होता, तेच माझ्या डोक्यावर टीव्हीत चालू होतं. मान वर केली असती तर मलाही काहीतरी दिसलं असतं... किंवा तांब्या धरून बसलेली नुसती आई. दादानं डाव्या हाताचं विचारल्यापासून कॉल संपेपर्यंत मी मान वर केली नाही.