नवं पातळ मळवताना

नाट्यशास्त्र विभागात पहिल्याच वर्षी वेशभूषा शिकवणाऱ्या मॅडमनी आमच्या हातात एकेक कोरा पांढरा शर्ट दिला आणि म्हणाल्या, "हा दहा वर्षं जुना करून आणा." मला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. वर्गात उठून विचारायचा धीर नव्हता. शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, जुना म्हणजे जुना. मळका, विटका, फाटका."

मी तो शर्ट बरेच दिवस पेटीत तसाच ठेवला होता. आमच्या घरात सगळी खटपट याच्या उलट चाललेली असायची. आमचं गाव सिल्लोडच्या अलीकडं, कापूस आणि मका पिकवणारं. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, बाजाराला घालायचा शर्ट एकच. त्याची कॉलर झिजली की माय ती उसवून उलटी करून शिवायची. सोडा, नीळ, खळ, सगळं काही जुन्याचं नवं दिसावं म्हणून. "फाटकं नेसावं, पण धुऊन नेसावं," हे तिचं ठरलेलं वाक्य. अशा घरातून आलेली मुलगी कोऱ्या कापडावर विटेचा तुकडा घासणार कशी? पहिल्यांदा घासला तेव्हा, खरंच सांगते, मी आजूबाजूला बघून घेतलं होतं.

पण हळूहळू ते आवडायला लागलं. खरा जुना कपडा रंगमंचावर जुना दिसतच नाही, दिव्यांच्या उजेडात तो नुसता फिका दिसतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला गरिबी दिसायची तर ती कापडावर काढावी लागते. चहाच्या पाण्यात बुडवायचं, कोपरावर किसणी चालवायची, शिवणीच्या कडेनं काळपट रंग टूथब्रशनं शिंपडायचा. माणूस कुठं बसतो, हात कुठं पुसतो, ओझं कुठल्या खांद्यावर घेतो, हे आधी ठरवायचं आणि मग त्याच जागा मळवायच्या. एवढा विचार कपड्याचा करता येतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

घरी मात्र हे काही सांगता येईना. मी "कपडेपट" म्हटलं की सगळ्यांना शिवणकाम ऐकू यायचं. दिवाळीला गेले तर भावकीतल्या बाया ब्लाउजपीस घेऊन हजर.

"गळा जरा मोठा ठिव गं बाई, पण सासूला दिसू नये असा."

मला ब्लाउज धड शिवता येत नव्हता. आत्या म्हणाली, "शिवणकाम तर सिल्लोडला बी शिकवतेत. त्याच्यासाठी युनिव्हर्सिटी काहून लागती?" त्यातच लासूर स्टेशनच्या बाजूचं एक स्थळ आलं होतं. दादा तसे रागावणारे नव्हते. त्यांनी एवढंच ठरवलं की पहिलं वर्ष संपता संपता मायनं एकदा शहरात जावं आणि पोरगी काय शिकती ते डोळ्यानं बघावं. "तू म्हणशील तसं," ते मायला म्हणाले. म्हणजे माझं दुसरं वर्ष मायच्या हातात आलं.

ती आली तो नेमका आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा आदला दिवस होता. आमच्याच वर्गातल्या एका मुलानं लिहिलेलं नाटक होतं, त्यात खडी फोडणारी एक बाई. तिची वेशभूषा माझ्याकडं. नियम असा की कापड नवं घ्यायचं आणि जुनं स्वतः करायचं. मी गुलमंडीवरच्या कापडदुकानातून साधं पांढरट सुती पातळ आणि एक पुरुषाचा फुल बाह्यांचा पांढरा शर्ट आणला होता. कापूस वेचताना आमच्याकडच्या बाया पातळावरून नवऱ्याचा शर्ट चढवतात, तसं. दोन्हींवर मी महिनाभर मेहनत केली होती. मॅडमनी बघून पसंतीची मान हलवली होती. त्यांच्या मान हलवण्यावर आम्ही आठवडा काढायचो.

मायला मी स्टँडवरून होस्टेलवर आणलं. वॉर्डनबाईंची परवानगी काढली होती. ती खोलीत शिरली, भिंतीला हात लावून बघितला, माझ्या अंथरुणावर बसली. मला तालमीला जायचं होतं. "तू जरा पड," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी परत आले, तर होस्टेलच्या मागच्या तारेवर माझं पातळ आणि माझा शर्ट पांढरेशुभ्र फडफडत होते. नीळ दिलेली. लांबूनच कळलं.

माझी परभणीची मैत्रीण दारातच होती. "मी सांगायला गेले गं. मावशी म्हणल्या, तू गप बस, तू पण तिच्यातलीच."

माय आत बसून शर्टाचं एक सुटलेलं बटण शोधत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"किती दिवस असं मळकं वापरती?"

"माय, ते माझं नाही."

"मंग कुणाचं हाय? पातळ एक येळ तुझं नसंल. शर्ट कुणाचा?"

मैत्रीण हसू दाबत व्हरांड्यात गेली. मला हसायचं सुचेना आणि रडायचंही.

"शर्ट कुणाचाच नाही."

"कुणाचाच नाय, अन् कोपराला फाटला व्हता? कुणाचाच नसलेला शर्ट कोपराला फाटतो व्हय?"

"मग तू धुतलंस कशाला?"

"कुणाचं का असंना, मळकं होतं," माय म्हणाली. "मळकं दिसल्यावर मला बसवतंय का?"

मग मी सगळं सांगितलं. अडखळत, मागचं पुढं करत. कापड नवं होतं. मीच मळवलं. कोपर मीच किसणीनं घासला. त्याला मार्क असतात. उद्या ते परीक्षेत दाखवायचं होतं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हंजी मी तुझा पेपर धुतला?"

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. नंतर एकदम थांबली. "लासूरच्या लोकांना कळलं तर म्हणतील, पोरगी शिकून कपडे मळवती." हे म्हणताना ती हसत नव्हती. त्या वाक्यानं मला कपड्यापेक्षा जास्त भीती वाटली.

सकाळी आम्ही दोघी धुण्याच्या दगडाशी बसलो. परीक्षेचा प्रयोग संध्याकाळी होता. मेसमधून उकळलेली चहापत्ती मागून आणली, विटेचा तुकडा आणि किसणी माझ्याकडं होतीच. माय आधी लांब बसली. मी पातळ चहाच्या बादलीत घातलं तेव्हा तिनं तोंड फिरवलं, जसं लेकराला सुई टोचताना फिरवतात. पण मला एकटीला ते आवरणार नव्हतं, हे तिला दिसत होतं. जराशानं ती उठली, पदर खोचला आणि वीट उचलली.

एकदा हात बसल्यावर ती थांबेना. दाणदाण घासायला लागली. "घे! आयुष्यभर धुतलं, आज मळवते!" आजूबाजूच्या मुली दात घासायचं सोडून बघत राहिल्या.

"माय, सगळीकडं नको. तिथं नाही मळत."

"का? मळकं म्हंजी मळकं."

"ती बाई उकिडवी बसून खडी फोडते. गुडघ्यावर मळंल, मांडीवर हात पुसंल. पाठीवर धूळ बसंल, डाग नाही पडणार. आणि डोक्यावर पाटी घेते, म्हणून पदर इथं झिजंल."

तिचा हात थांबला. तिनं ते पातळ स्वतःच्या गुडघ्यावर धरून बघितलं, मग मांडीवर. स्वतःच्याच नेसलेल्या पातळाकडं बघितलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कपड्याकडं असं बघायचं हे मॅडमनी शिकवलं. बाकी तुला बघून."

ती पुन्हा घासायला लागली. पण नंतर प्रत्येक वेळी घासायच्या आधी विचारायची, "इथं?" आणि मी हो म्हटल्यावरच घासायची. मला कधी कुणी असं विचारलं नव्हतं.

तरी सगळं जमलं नाही. डाव्या कोपराला तिनं धुण्याआधीच इतकी बारीक रफू केली होती की ती उसवताना कापडच जायला लागलं. तशीच ठेवली. नीळ घड्यांमधून पुरती निघाली नाही. परीक्षकांनी दोन्ही गोष्टी बरोबर हेरल्या. पातळ दिव्यात निळसर मारतं म्हणाले, आणि इतकी सुबक रफू या बाईला कोण करून देणार, असंही विचारलं. माझ्याकडं उत्तर होतं, पण ते परीक्षेत देण्यासारखं नव्हतं. मी पास झाले, इतकंच.

प्रयोगाच्या वेळी मी विंगेत होते. माय काय करत होती ते मैत्रिणीनं नंतर सांगितलं. ती बाई रंगमंचावर आली, मांडीला हात पुसून खाली बसली, तशी माय शेजारच्या चष्मेवाल्या गृहस्थांकडं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "ते नवं हाय बरं का. आम्ही मळवलंय." त्यांनी "शू" केलं. थोड्या वेळानं तीच त्यांना पुन्हा म्हणाली, "गुडघ्यावर बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सोडायला स्टँडवर गेले. रिक्षातून उतरलो. तिनं दादांसाठी पेरू घेतले. मला दुसऱ्या वर्षाचं विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. सिल्लोडची गाडी लागली, तिला खिडकीजवळची जागा मिळाली. तेव्हा मला दिसलं, तिच्या फिकट पदरावर चहाचा एक तपकिरी डाग पडला होता. तिला इतक्या वर्षांत मी असा डाग घेऊन बाहेर पडताना पाहिलं नव्हतं.

"माय, पदराला लागलंय."

तिनं बघितलं. "ऱ्हाऊ दे. दादांना दाखवाया व्हईल. नुसतं सांगून त्यांच्या ध्यानात नाय यायचं."

"दादांना काय सांगशील?"

कंडक्टरनं घंटी मारली. तिनं खिडकीतून वाकून, मला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच सांगितलं, "सांगते, काम अवघड हाय. मी दिवसभर केलं तरी नीळ काय निघाली नाय. एका वर्षात कुणाला नीट मळवाया येत नसतं."