दहा वेळा काढा, दहा वेळा लावा

चाचांना शांतपणे काम करताना मी कधी पाहिलं नाही. साधा स्क्रू फिरवतानाही ते कुणावर तरी चिडलेले असत. कधी स्क्रूवर, कधी तो बनवणाऱ्या कारखान्यावर, कधी एसीवर आणि बहुतेक वेळा गिऱ्हाइकावर. "आवळला कोणी हा? हाताने आवळला की दाताने?" हे त्यांचं सकाळचं पहिलं वाक्य. आमचं दुकान शारजात, एका रायफल क्लबला लागून. रायफलच्या दुर्बिणी, पट्टे, पेट्या आणि साफसफाईचं सामान आम्ही विकत असू. मी काउंटरवर, चाचा मागच्या वर्कशॉपमध्ये. मी वसईचा, म्हणून त्यांनी माझं 'वसईकर' हे नाव पहिल्याच दिवशी पक्कं केलं. ते स्वतः रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. आखातात तीस वर्षं काढलेली, त्यातली निम्मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात लेथ मशीनवर.

रायफलवर दुर्बीण धरून ठेवणारा जो धातूचा पकडा असतो त्याला सगळे माउंट म्हणतात. साधा माउंट स्क्रूने आवळून कायमचा बसवतात. दुसरा खटक्याचा. छोटी लिव्हर उघडली की दुर्बीण हातात येते, बंद केली की पुन्हा जागेवर. दिसायला झकास, त्यामुळे येणारा प्रत्येक जण तोच मागायचा. मग चाचा हात पुसत बाहेर येत आणि उलटतपासणी सुरू होई. "साब, दुर्बीण रोज निकालेंगे? नहीं? महिने में एक बार? वो भी नहीं? तो ये किसको दिखाना है?" आणि नऊशे दिरहमचा माउंट, "म्हणजे बावीस हजार रुपये, वसईकर, बावीस हजार!" असं मला ओरडून सांगत, पुन्हा कपाटात जाई. गिऱ्हाईक साधा माउंट घेऊन, वर चाचांचे आभार मानून निघून जायचं. काचेच्या केबिनमध्ये मॅनेजर दातओठ खात बसलेला असायचा.

ज्याला खरोखर खटक्याचा माउंट हवा त्याला चाचा तो परीक्षेशिवाय देत नसत. क्लबच्या रेंजवर कोचने एक गोळी झाडायची, चाचांनी दुर्बीण काढायची, पुन्हा लावायची, पुन्हा गोळी. असं दहा वेळा. कागदावरची दहाही भोकं एका दिरहमच्या नाण्याखाली झाकली गेली तर माउंट पास. "पहिल्यांदा सगळेच नीट बसतात रे, दहाव्या वेळेला बघायचं," ते म्हणत. लावण्याचीही त्यांची एक रीत होती. माउंट रायफलच्या वरच्या खाचांच्या पट्टीवर ठेवला की तो आधी नळीच्या दिशेने अडेपर्यंत पुढे ढकलायचा आणि मगच लिव्हर बंद करायची. पुढे फट राहिली तर गोळीच्या धक्क्याने तो सरकणार. मी विसरलो की चाचा माझ्या बोटांवर पेनाने फटका मारत. चाळिशीतला माणूस मी, काउंटरवर टाय लावून उभा राहणारा, आणि हे मला बालवाडीतल्या पोरासारखे बोटांवर मारणार! मला त्याचा राग यायचा.

पास झालेल्या माउंटला ते दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा टॅग बांधत आणि त्यावर पेनाने आपलं नाव लिहीत. अबुधाबीहून आलेली माणसंसुद्धा दारातून विचारत, "चाचा का टॅग है?" मॅनेजर चाचांना दिवसभर शिव्या घालायचा आणि त्यांच्या टॅगवर धंदा करायचा.

मग एकदा त्याने खटक्याच्या स्वस्त माउंटचा एक अख्खा खोका मागवला. दिसायला हुबेहूब, किंमत पाव. चाचांनी त्यातले तीन रेंजवर नेले. तिन्ही कागदांवर भोकं तळहाताएवढ्या जागेत पसरलेली. कागद त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर आपटले.

"हबीबी, बॉक्स पे लिखा है ना? दूरबीन वापस वहीं बैठेगी," मॅनेजर म्हणाला.

"बॉक्स पे तो मैं भी लिख दूँ कि मैं शेख हूँ!"

तो खोका त्यांनी स्वतः उचलून कोपऱ्यात नेला आणि त्यावर जाड मार्करने देवनागरीत लिहिलं, 'भंगार'. मॅनेजर हिंदी बोलायचा, पण देवनागरी त्याला वाचता येत नव्हती. त्याने मला अर्थ विचारला आणि मी म्हणालो, "स्टॉक." माझ्या लाचारीची सुरुवात तिथे झाली.

पुढच्या महिन्यात चाचा नातीच्या निकाहसाठी गावी गेले. ते नसताना बू सैफ आले. हे इथले स्थानिक गृहस्थ, आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांची सोळा वर्षांची मुलगी नेमबाजीच्या निवड चाचणीची तयारी करत होती. तिची रायफल असायची क्लबच्या तिजोरीत, पण दुर्बीण ती रोज मऊ पेटीत घालून घरी न्यायची. म्हणजे खटक्याचा माउंट ज्याला खरोखर हवा, असं हे गिऱ्हाईक. आणि चांगला माउंट शिल्लक नव्हता.

मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "नया वाला दे दो. और चाचा का टॅग लगाओ, वरना वो लेगा नहीं. यल्ला, जल्दी!"

माझ्या व्हिसाच्या नूतनीकरणाचे कागद तेव्हा त्याच्या टेबलावर पडले होते. मी स्वतःला हेच कारण देत आलो. पण ते पूर्ण खरं नाही. चाचांचं नाव त्या टॅगवर लिहिताना मला बरं वाटलं होतं. त्यांच्याशिवायही दुकान चालतं हे मला दाखवायचं होतं. माउंट मीच बसवला. तो आधी पुढे ढकलला की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही.

चाचणीत त्या मुलीच्या गोळ्या डावीकडे गेल्या, आणि जातच राहिल्या. चाचा गावाहून परतले त्याच आठवड्यात बू सैफ माउंट घेऊन आले. ते चिडलेले नव्हते. त्यांना फक्त एक जाणून घ्यायचं होतं. दोष याचा, की माझ्या मुलीचा?

मॅनेजर हसून म्हणाला, "सर, चाचा का टॅग है. दस बार टेस्ट हुआ है. मॅडम का हाथ काँपा होगा, छोटी है अभी."

चाचांनी टॅग हातात घेतला, अक्षर पाहिलं आणि भडकले. "झूठ! ये माल कचरा है. लडकी का हाथ बिलकुल ठीक है. नाम मेरा है, लिखा मैंने नहीं." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "वसईकर, बोल."

त्यांना फक्त दोन वाक्यं हवी होती. ती सांगितली असती तर मुलीवरचा ठपका गेला असता आणि चाचांची नोकरी राहिली असती. मॅनेजर माझ्याकडे बघत होता.

मी सगळ्यांना कळेल अशा हिंदीत म्हणालो, "चाचा, मुझे याद नहीं."

गिऱ्हाइकासमोर दुकानाच्या मालाला कचरा म्हणाला आणि वर सही नाकारली, म्हणून मॅनेजरने चाचांना त्याच दुपारी काढलं. "खलास," एवढंच म्हणाला तो हलकट. साठी उलटलेल्या माणसाला इथे दुसरा व्हिसा कोण देणार? चाचा आपली हत्यारं गोळा करताना सगळ्यांना उद्देशून ओरडत होते. माझ्या काउंटरसमोरून जाताना मात्र त्यांनी मान वळवली नाही.

त्यानंतर मी सगळ्यांवर चिडलो. मॅनेजरवर चिडलो, चारचौघांत मला तोंडघशी पाडलं म्हणून चाचांवरही चिडलो. अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायकोवर आणि मुलीवर विनाकारण ओरडू लागलो. माझा व्हिसा आला तेव्हा तर पासपोर्ट भिंतीवर फेकून मारावासा वाटला. आठ महिन्यांनी एकदाचा मी चाचांना गावी फोन केला. माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी ती पुरी होऊ दिली नाही.

"मला कशाला सांगतोस? मला सगळं ठाऊक आहे! मी इथे आंब्यांना पाणी घालतोय, माझं काय बिघडलं? त्या पोरीला वाटतंय तिचा हात कापतो. आठ महिने तिला ते वाटतंय आणि तू मला फोन करतोस? अरे, लाज आहे का तुला?"

फोन त्यांनी आपटला.

शुक्रवारी नमाजानंतर मी बू सैफच्या घरी गेलो. त्यांनी बैठकीत बसवलं, कॉफी दिली. मी टॅगचं सांगितलं, खोक्याचं सांगितलं, माझ्याच हाताने माउंट बसवल्याचं सांगितलं. ते म्हणाले, मुलीने नेमबाजी तेव्हाच सोडली. रायफल विकून टाका, म्हणाली. समजूत काढून काढून आम्ही थकलो.

मी म्हणालो, "मला माफ करा. तुम्ही तिला सांगा."

"मी नाही," ते उठत म्हणाले. "तिला बोलावतो. तिच्यासमोर सांग."

आतून त्यांनी तिला हाक मारलेली ऐकू आली, मग जिन्यावर तिची पावलं. मी कप खाली ठेवला आणि उभा राहिलो.