तुकड्या-तुकड्यांनी बोलणारे वैद्यसाहेब

दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात इमारतीच्या रखवालदाराने वर बोट दाखवून सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरचे वैद्यसाहेब झोपेतच गेले... आज पाच आठवडे झाले, तरी शुक्रवारी दुपारी माझी नजर दाराकडे जातेच.

ते नाशिकचे, इथे आखातात मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. मी रत्नागिरीकडचा, सालमियात झेरॉक्सचं दुकान टाकून बसलेला. आमची दोस्ती पोर्तुगीज क्रियापदांमुळे झाली, हे कुणाला खरं वाटत नाही. त्यांची मुलगी मेधा लिस्बनला असते. सहा वर्षांची नात इनेश पोर्तुगीजशिवाय दुसरं बोलत नाही, त्यामुळे दर फोनवर मेधाने मध्ये बसून भाषांतर करायचं. "हसनभाई, नातीशी बोलायला मला दुभाषी लागतो, याहून वाईट काय?" असं म्हणत त्यांनी व्याकरणाची पानंच्या पानं माझ्याकडून मोठ्या अक्षरांत काढून घेतली. निवृत्तीनंतर लेकीकडे जायचं होतं. त्याआधी नातीशी एकदा तरी एकट्याने बोलायचं, हा त्यांचा हट्ट.

पद्धत मात्र शाळेतली. लहानपणी संस्कृतची रूपं घोकली, तशीच ही घोकायची. 'कोंव्हेरसारीआमूश', म्हणजे 'आपण गप्पा मारल्या असत्या', या एका शब्दाचे सहा तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यावर सारखाच जोर. मी चिडवायचो, "साहेब, गप्पा मारताय की हजेरी घेताय?" शुक्रवारी मी नमाजहून येऊन दुकान उघडलं की ते फोन घेऊन हजर; घरात एकट्याला धीर होत नाही म्हणे. दुकानातल्या पहिल्याच फोनवर घाबरून त्यांनी 'कशी आहेस' विचारायच्या ऐवजी त्या क्रियापदाची सगळी रूपं एका दमात म्हणून टाकली. पोर खिदळली, आणि त्या दिवसापासून तीच त्यांची मास्तरीण झाली. ती शब्द तोडून सांगायची, 'री'वर जोर द्यायची आणि बाकीचं जवळजवळ गिळायची. "अहो, इथे सगळ्यांना सारखं वाढायचं नसतं," वैद्यसाहेब मला समजावत, "एकालाच पाटावर बसवायचं!"

शेवटच्या शुक्रवारी मेधा स्वयंपाकघरात होती आणि आजोबा-नात अकरा मिनिटं बोलत होते. काय बोललात, विचारलं तर म्हणाले, "तिचा दात पडला." चेहरा असा, की नवा दात जणू यांनाच आलाय.

ते गेल्यावर मेधा कागदपत्रांसाठी इथे आली होती. निघताना म्हणाली, "चाचा, इनेश अजून शुक्रवारी फोन मागते. तुम्ही उचलाल? नुसतं ऐका हवं तर."

मी उचलतो. मला एक अक्षर कळत नाही, नुसता हुंकार देतो. ती भरभर बोलत सुटते. मग हा चाचा ढ आहे हे तिच्या लक्षात येतं, आणि एखादा लांब शब्द ती तोडून तोडून पुढे ठेवते. परवा असाच पाच तुकड्यांचा एक शब्द मी तिच्यामागून म्हटला. अर्थ ठाऊक नाही, पण जोर बरोबर पडला असावा, कारण ती टाळ्या वाजवायला लागली... मला मात्र रडू आवरेना. हे ऐकायला वैद्यसाहेब हवे होते.