कापलेली सही

लग्नाआधी मी ओहायोतल्या बेलफर्ड गावच्या हॉटेलात जेवणं वाढायचे. एकदा कोपऱ्यातल्या टेबलावर दोघांची जुंपलेली ऐकली. "सहीवाचून पत्र म्हणजे मुंडकं उडवलेली कोंबडी," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "आणि पत्रावाचून सही म्हणजे नुसती चोच."

ज्याच्याकडे चोच, म्हणजे नुसती सही होती, त्याच्याशी माझं लग्न झालं. ॲन्सेल ट्रिबी. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि जुन्या संपादकांची सहीची पत्रं गोळा करायचा. मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं कळायचं की त्या संपादकांचं अक्षर माणसासारखं नव्हतं. ॲन्सेल ते घडाघडा वाचायचा. माझी बाजाराची यादी मात्र त्याला कधी लागली नाही.

पूर्वी मुलींना वह्यांत सह्या चिकटवायची हौस होती. पत्रातली सही कात्रीनं कापायची, उरलेलं पत्र गेलं अडगळीत. एझरा पॉमरॉय या संपादकाची अशीच एक सही एका वहीतून ॲन्सेलला मिळाली. ज्यातून ती कापली ते पत्र मिळालं औषधवाल्या लोवेल स्ट्रँडला, म्हणजे हॉटेलातल्या त्या दुसऱ्याला. पत्र पाठपोट लिहिलेलं, म्हणून सहीच्या मागे पत्रातले चार शब्द निघून आलेले. दोघांकडेही अर्धवट.

विकायला कोणी तयार नाही. दर शनिवारी ॲन्सेल खोकल्याच्या गोळ्या आणायला म्हणून लोवेलच्या दुकानात जायचा आणि तोंड आंबट करून परतायचा. लोवेलनं पत्राला काचेची चौकट केली, तेव्हा हा दोन दिवस धड जेवला नाही. याला न्यूयॉर्कहून दुसऱ्या एका संपादकाचं पत्र मिळालं, तेव्हा लोवेलनं आठवडाभर याला हवी ती बिस्किटं दुकानात ठेवली नाहीत. मीही जळायचे. माझ्या वाढदिवसाची तारीख विसरणारा माणूस पॉमरॉय कुठल्या साली वारला ते झोपेत सांगायचा.

एका शनिवारी तो चष्मा घरी विसरला म्हणून मी मागोमाग दुकानात गेले. पाहते तर चौकट उघडलेली, पत्र टेबलावर, आणि ॲन्सेल चिमट्यानं सही भोकात बसवतोय. दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली. कोणा बाईनं पॉमरॉयला कविता आणि सोबत घरी भाजलेला ॲपल पाय पाठवला होता. त्यानं लिहिलं होतं, ॲपल पाय छापता आला असता तर पहिल्या पानावर घेतला असता. त्यातले 'पहिल्या पानावर घेतला असता' हे शब्द सहीच्या पाठीवर होते. दोघं खुदखुदत होते. मला पाहून लोवेलनं पत्र झाकलं, जणू मी चोर.

"म्हणजे इतकी वर्षं दर शनिवारी हेच?" मी घरी विचारलं.

"त्याला एकट्याला त्या वाक्याचा शेवट वाचता येत नाही," ॲन्सेल म्हणाला. चेहरा असा खुलला होता की मला अजून राग येतो.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरनं त्याला बाहेर पडू नको सांगितलं. मी म्हटलं, सही लोवेलला देऊनच टाक, एकदाची कटकट मिटेल.

"दिली तर तो माझी वाट कशाला बघेल?" म्हणाला, आणि टोपी घातली.

तासाभरानं परत आला. लोवेल म्हणे अजून पत्रच मोठं म्हणतो, मूर्ख आहे. गोळ्यांची पुडी टेबलावर ठेवली, पाकीट उघडून सही जागेवर आहे ना पाहिलं, आणि बूट काढायला बसला.