दाजींची गाडी आणि एक बारीक आवाज

आमच्या दाजींइतका स्वतःच्याच कानांनी छळलेला माणूस अख्ख्या निजामाच्या राज्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जालन्याला कापसाच्या जिनमध्ये फिटर होते. छावणीतला कुणी गोरा साहेब भंगारात टाकून गेलेली मोटारसायकल त्यांनी वर्षभर खपून चालती केली. तेव्हापासून आक्काला सवत आली, असं त्यांच्या मस्तगड मोहल्ल्यात सगळे म्हणायचे. जिनच्या कानठळ्या बसवणाऱ्या धडधडीत दाजी पोत्याला टेकून खुशाल डुलकी काढत. पण गाडीत कुठे नखाएवढी खुळखुळ झाली की यांच्या घशाखाली घास उतरत नसे. खुळखुळ म्हणजे नट, टणटण म्हणजे पत्रा, कुरकुर म्हणजे सीटचं कातडं, असं त्यांचं शास्त्र होतं. ट्यूबचे तुकडे, सुतळी, चांभाराकडून कापून आणलेल्या चामड्याच्या चकत्या, यांनी खिसे कायम फुगलेले असत. मला मागे बसवायचे ते केवळ ऐकायला. "डाव्या अंगाला वाक. येऊन राह्यला का आवाज?" मी "न्हाई दाजी" म्हणालो की म्हणत, "तुझे कान हायेत का भजे?"

एका चतुर्थीला आम्ही राजूरच्या गणपतीला निघालो. आक्का शेजारणींबरोबर पहाटेच बैलगाडीने पुढे गेली होती. आम्ही फर्लांगा-फर्लांगावर थांबत, नट आवळत, पुन्हा निघत होतो. आक्का दर्शन घेऊन परतताना वाटेतच भेटली. गाडीतून वाकून म्हणाली, "देव इचारत व्हता, पाव्हणे कुठवर आले म्हून!" बैलसुद्धा हसले असतील. दाजी मात्र मडगार्डाखालून बाहेर आले नाहीत.

त्या वर्षी त्यांना एक नवाच आवाज सापडला. म्हणजे सापडतच नव्हता. बारीक, लांब, सूं असा. महिनाभर त्यांनी गाडी खोलली, जोडली, पुन्हा खोलली. जेवण तुटलं. आक्काशी बोलणं तुटलं. मला काही ऐकू येत नव्हतं, पण पुन्हा कानांचे भजे कशाला करून घ्या, म्हणून मी "बारीक येतो खरा" असं ठोकून द्यायचो. त्याची आजही लाज वाटते. शेवटी एका दुपारी राजूरच्याच रस्त्यावर त्यांनी गाडी बंद केली. वारा पडलेला, पाखरूही बोलत नव्हतं. दाजी टाकीवर हात ठेवून उभे राहिले.

"अजून येऊन राह्यला."

"दाजी, गाडी तर बंद हाय."

त्यांनी हात उचलला. चार पावलं मागे सरकले. मग शेताच्या बांधापर्यंत चालत गेले, तिथे थांबले आणि मटकन खाली बसले. "मंग ह्यो माझ्याच डोक्यात हाय का रे?"

मी जाऊन त्यांच्या शेजारी बांधावर बसलो.

गावातल्या हकीमसाहेबांना कान दाखवले. त्यांनी तेल घातलं, धुरी दिली आणि शेवटी हात टेकले. "उमर गुजारे तुम जिन में. ये आवाज अब जाती नै." दाजींनी मान हलवली. एवढी धडधड ऐकली, तेव्हा कधी तक्रार केली नव्हती. आता करायची कुणाकडे? घरात शांतता झाली की तो आवाज वाढायचा. मग ते उठून उगाच बाजारात जाऊन उभे राहत. आक्का मुद्दाम भांडी आपटायला लागली. तिच्या डोळ्यांना पदर लागलेला मी दोनदा पाहिला.

एकदा त्यांच्या घरी गेलो तर दाजी अंगणात पाना घेऊन बसलेले. मला वाटलं, बरं झालं, पुन्हा आवळायला लागले. जवळ जाऊन पाहतो तर आवळत नव्हते. मडगार्ड, चेनचं झाकण, नंबराची पाटी, एकेक नट दोन-दोन आटे सैल करत होते. चामड्याच्या चकत्या काढून बाजूला टाकल्या होत्या.

"बस मागं," एवढंच म्हणाले.

गल्लीतून असा खडखडाट करत गेलो की बायका दारात आल्या. दाजींची मान कितीतरी दिवसांनी सैल पडली होती. मागे बसून मला भडभडून येत होतं, आणि त्या गोंगाटात ते कुणाला ऐकू जाणार नव्हतं. गावाबाहेर लांबवर फिरून आम्ही परत आलो. दारात आक्का उभी होती. दाजींना गाडी बंद करवेना. मीही खाली उतरलो नाही.